स्वीकार करायचा म्हणजे नक्की करायचं काय? रोजच्या धावपळीत कुणाला जमलंय का?

इंदिरानगरवाली

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला राहते, नोकरी सातपूर एमआयडीसीत, अकाउंट्सला. सासूबाईंना गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं पण अडखळतं. दिवसा एक मावशी असतात, सकाळ-संध्याकाळ मी आणि मिस्टर बघतो, त्यात मुलगा दहावीला. परिस्थिती कळावी म्हणून सांगतेय.

त्रास असा आहे की मी जिथे असते तिथे नसतेच. त्यांना भरवताना डोक्यात जीएसटीचं रिटर्न, ऑफिसात बसलं की त्यांनी बीपीची गोळी घेतली का, आणि संध्याकाळी बोगद्यापाशी ट्रॅफिकमधे गाडी अडकली की तिथेच रडायला येतं. ज्याला सांगावं तो म्हणतो पॉझिटिव्ह रहा, जे आहे ते स्वीकार. म्हणजे काय करू? त्या आता बऱ्या होणारच नाहीत असं धरून चालू? फिजिओवाल्यांना बंद करू? माइंडफुलनेसचे व्हिडिओ पण बघितले, सगळ्यात माणूस शांत खोलीत एकटा बसलेला असतो, आमच्या टू बीएचके मधे तशी खोली कुठून आणू. इगतपुरीच्या विपश्यना (ध्यान) शिबिराचं पण मनात येतं पण दहा दिवस घर कोण बघणार.

ज्यांना खरंच उपयोग झालाय त्यांनी सांगा. सुविचार नकोत प्लीज.

बागाईतदार_निफाड

ताई, ध्यानबिन मला फार कळत नाही, शेतकरी माणूस आहे, पण मान्य करण्याचं थोडं सांगू शकतो. आमच्याकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली, बाग फुलोऱ्यात आली आणि अवकाळी झाला की डाऊनी (बुरशीचा रोग) आणि घडकूज मागे लागलीच समजा, आणि मण्यात पाणी उतरल्यावर पाऊस आला तर मणी तडकतात. वडील अशा सकाळी चहा पण घ्यायचे नाहीत, चिखलात ओळीओळीने फिरायचे, एकेक घड तळहातावर घेऊन बघायचे की किती गेला न किती राहिला. शेजाऱ्याने बागेवर प्लास्टिक टाकलं होतं आपण नाही टाकलं, भाव काय मिळाला असता, ह्यातलं एक अक्षर तेव्हा तोंडातून नाही. गेलेलं आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्यायचं आणि लगेच फवारणीला लागायचं, कारण उशीर झाला की राहिलेलं पण हातचं जातं. नुकसान कळवायचं ते पण लगेच.

आमच्यात हातपाय गाळून बसलेली माणसं मी बघितलीत, ती बहुतेक वेळा असं व्हायलाच नको होतं ह्याच्यातच अडकलेली असतात. मान्य केलेला माणूस कामाला लागलेला दिसतो. म्हणून फिजिओ अजिबात बंद करू नका. आणि गारपीट झाल्यावर कुणी मला सगळं चांगलंच होईल म्हटलं ना की डोकं सणकतं, त्यामुळे तुमचा राग पण समजतो.

सिस्टर_पंचवटी

मी न्यूरोच्या वॉर्डला नर्स आहे त्यामुळे जरा मोठं लिहिते. आधी फिजिओचं. स्ट्रोकनंतर पहिल्या तीन ते सहा महिन्यात सुधारणा सगळ्यात वेगाने होते, नंतर वेग कमी होतो, पण थांबतेच असं नाही, आणि व्यायाम सोडला तर सांधे आखडतात, असलेली हालचाल पण जाते. तर मान्य एवढंच करायचं की आता फरक हळू पडणार आणि कदाचित पहिल्यासारखं पूर्ण होणार नाही. हे एकदा मनाने घेतलं की रोज रात्री आज पण काहीच फरक नाही म्हणून जो हिशोब आपण मांडतो ना तो मांडावा लागत नाही. नातेवाईक त्या हिशोबानेच जास्त थकतात, हे मी वॉर्डात रोज बघते.

दुसरं भरवायचं. ताई, ह्याच्यासाठी तुम्हाला वेगळी खोली पण नको आणि वेगळा वेळ पण नको. पॅरालिसिसच्या पेशंटला गिळायला त्रास असू शकतो, घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. म्हणून आम्ही नातेवाइकांना शिकवतो की पेशंटला सरळ ताठ बसवा, टीव्ही बंद, लहान चमचा, आणि गळ्याकडे बघा. गिळताना गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते, ते दिसलं की तोंडात काही राहिलं नाही ना बघायचं, जास्त करून लुळ्या बाजूच्या गालात राहतं, आणि मगच पुढचा घास. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. खाताना खोकला येत असेल किंवा आवाज घोगरा ओला येत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. आता बघा, असं भरवायचं तर लक्ष तिथेच ठेवावं लागतं. रिटर्नचा विचार येणार, येऊ दे, तो आला हे कळलं की परत गळ्याकडे बघायचं. माइंडफुलनेस शिकवणारे पण हेच करून घेतात, लक्ष गेलं, कळलं, परत आणलं, राग न करता. विचार थांबवायचे असं त्यात कुठेच नाहीये, लोकांना उगाच तसं वाटतं आणि मग आपल्याला जमत नाही म्हणून सोडून देतात.

गंगापूररोड_साधक

सिस्टरनी सोन्यासारखं सांगितलं. माइंडफुलनेसचा जो आठ आठवड्यांचा कोर्स असतो त्याची सुरुवात पण दवाखान्यातच झाली, १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमधे जॉन काबाट-झिन ह्यांनी जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी सुरू केला. त्यात पहिल्यांदा एक बेदाणा खायला देतात. हातात घ्यायचा, सुरकुत्या बघायच्या, वास घ्यायचा, जिभेवर ठेवून लगेच चावायचा नाही. आपल्या घरात बेदाणे असतातच, मुलाला पण करून बघायला सांगा, दहावीच्या टेन्शनमधे पाच मिनिटं बरी जातात.

इगतपुरीबद्दल, मी तिथे बसलोय. तिथल्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून शिबिरं चालतात, फी नाही, आधी बसून गेलेल्या लोकांच्या दानावर चालतं. पहाटे चारला घंटा, फोन जमा, बोलणं बंद, आणि पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास. सोपं नाही पण मला फार मिळालं तिथे, ते आयुष्यभर पुरेल. तरी आत्ता तुम्ही जाऊ नका असंच म्हणेन, मन घराकडेच राहील, आणि अर्धवट सोडून यायला ते देत नाहीत, म्हणजे तसं आधीच कबूल करून घेतात. आणि एक सांगतो, तुम्ही अकाउंट्सच्या म्हणून. तिथली विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोयंका गुरुजी ज्यांच्याकडे शिकले ते सयाजी ऊ बा खिन हे बर्माचे अकाउंटंट जनरल होते. संसार, सरकारी नोकरी, आकडेमोड सगळं सांभाळून ते शिकवायचे, ऑफिसातल्या लोकांना पण. हे मला फार मोठं वाटतं.

बोगद्यापाशी अडकलात की श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंद होतात, शरीराची रचनाच तशी आहे. डोळे उघडेच, लक्ष रस्त्यावर.

सिडको_७८६५

थोडं वेगळं मत. मला डोळे मिटून श्वासाकडे बघितलं की उलट घाबरायला व्हायचं, छाती भरून यायची, आणि लोक म्हणायचे अजून कर. डॉक्टरांनी सांगितलं तुम्ही बसून करू नका, चालताना पायाचे तळवे जमिनीला कसे टेकतात तिकडे लक्ष द्या. ते जमलं, गोळ्या पण चालू आहेत. ताई, रोज रडायला येत असेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल तर एकदा डॉक्टरांशी बोला. सरकारची मानसिक त्रासासाठी टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. सासूबाईंची काळजी घेता तशी स्वतःची पण घ्यायला पाहिजे, हे मनापासून लिहितोय.

इंदिरानगरवाली

सगळ्यांचे खूप आभार. सिस्टर, घाटीचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. काल रात्री टीव्ही बंद करून तसं बघत भरवलं, वेळ लागला, डाव्या हाताने त्यांनी मधेच माझा हात धरून चमचा थांबवला, म्हणजे घास अजून गिळायचा होता. हे त्या आधी पण करत असतील. भात त्यांना कोरडा लागतो हे पण कालच लक्षात आलं. बीपीच्या गोळीचं मावशींना कॅलेंडरवर खूण करायला सांगितलंय, फोन करायची गरज नाही. झोप मात्र खरंच उडालेली आहे, सिडकोवाल्या दादांनी लिहिलं ते मिस्टरांना वाचून दाखवलं, शनिवारी डॉक्टरांकडे जातोय.

सिस्टर, एक विचारायचं होतं, पाणी पिताना ठसका जास्त लागतो, जेवताना एवढा नाही. पाणी घट्ट करायची पावडर असते म्हणतात, ती द्यायची का?

सिस्टर_पंचवटी

पातळ गोष्टीला ठसका जास्त लागणं नेहमीचं आहे, पातळ पटकन घशात उतरतं म्हणून. पावडर मिळते, पण मनाने सुरू करू नका, किती घट्ट हवं ते गिळण्याची तपासणी करून ठरतं. स्पीच थेरपिस्ट ते बघतात, शनिवारी जाताय तर सासूबाईंच्या डॉक्टरांकडून त्याची चिठ्ठी पण मागून घ्या. तोपर्यंत पाणी चमच्याने, हनुवटी थोडी खाली, आणि ठसका वाढला किंवा ताप आला तर शनिवारची वाट बघू नका.