जागतिक संस्था फसतात त्याला व्हेटो जबाबदार की देश?

चांदणवेल:
माझं मत सरळ आहे. युनोची सुरक्षा परिषद १९४५ च्या जेत्यांनी स्वतःसाठी बनवली आणि ती आजही त्यांच्यासाठीच चालते. ५ कायम सदस्यांपैकी एकाने व्हेटो (नकाराधिकार) टाकला की बाकीचे १४ एका बाजूला असले तरी ठराव पडतो, सिरिया, युक्रेन, गाझा, सगळीकडे हेच बघितलं. आणि सनद (युनोची घटना) बदलायची तर दोन तृतीयांश देशांची मंजुरी लागते, त्यात हे ५ पाहिजेतच, म्हणजे ज्याचा अधिकार काढायचा त्याचीच सही लागणार! व्हेटो जात नाही तोवर सुधारणा हा नुसता शब्द आहे.

रानवारा:
अजिबात पटलं नाही. १९९४ ला रवांडात कुणी व्हेटो टाकला होता? कत्तल चालू असताना परिषदेने एकमताने शांतिसेना २७० माणसांवर आणायचं ठरवलं. लाखो माणसं मेली हो. तिथे नियम आडवा आला नाही, कुणाला आपले सैनिक धोक्यात घालायचे नव्हते एवढंच. आणि व्हेटो नसता तर अमेरिका, सोव्हिएत आत आलेच नसते, युनोच्या आधीच्या राष्ट्रसंघात (लीग ऑफ नेशन्स) अमेरिका कधीच गेली नाही, त्याचं काय झालं ते माहितीये.

साधाच_प्रश्न:
तुम्ही दोघं फक्त युद्धावरच बोलताय, पैशाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या बजेटमधे देशांची ठरलेली वर्गणी २०% पण नव्हती, बाकी बहुतेक पैसा देणारा सांगेल त्याच कामाला. मग साथ आल्यावर संघटना कणा दाखवत नाही म्हणून ओरडायचं! २०२२ ला ही वर्गणी हळूहळू ५०% पर्यंत न्यायचं ठरलं, माझ्या मते खरी सुधारणा ही.

चांदणवेल:
पैशाचा मुद्दा मान्य, पण जागतिक व्यापार संघटना बघा. व्हेटो कागदावर नाही, सगळं सहमतीने, आणि एकट्या अमेरिकेने नेमणुका अडवल्या म्हणून डिसेंबर २०१९ पासून व्यापारी वादांवरचं अपील मंडळ ठप्प. हाही व्हेटोच की! शेवटी युरोपीय संघ, चीन वगैरेंनी २०२० मधे आपसात वेगळी अपील व्यवस्था केली. अडवणाऱ्याला बाजूला ठेवून पुढे जायचं, परिषदेतही हेच करावं लागेल.

रानवारा:
व्यापारात चालेल ते, सैन्य पाठवताना बलाढ्य देशांना वगळून कसं करणार? त्यापेक्षा २०२२ चा नियम मला आवडतो, व्हेटो पडला की १० कामकाजाच्या दिवसांत आमसभेत (युनोच्या सगळ्या देशांची सभा) चर्चा, पुढाकार लिश्टेनस्टाइनसारख्या चिमुकल्या देशाचा. सनदेला हात न लावता झालं हे. तुमची व्हेटोमुक्त परिषद रवांडाच्या वेळी सैनिक कुठून आणणार होती, ते आधी सांगा.