जॉ क्रशरची (दगड फोडायच्या मशीनची) प्लेट खालूनच झिजते, १८ टक्के मँगनीजचं स्टील घ्यावं का?

खडीवाला_३०२०
३०×२० इंची तोंडाचा सिंगल टॉगल जॉ आहे (हलणाऱ्या जबड्याला मागून टेकू देणारी एकच टॉगल पट्टी). दगड काळा पाषाण, सातारा भागातला. आधी दोन प्लेटच्या एका सेटवर ६,००० ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) आसपास माल निघायचा, आता ३,५०० लाच प्लेट संपते. झीज सगळी खालच्या तिसऱ्या भागात. वरचे दात अजून नव्यासारखे. फिक्स प्लेट आधी जाते, मूव्हिंग जरा टिकते. वेजचे (प्लेट दाबून धरणाऱ्या पाचरीचे) बोल्ट दोनदा तुटले. सेटिंग, म्हणजे तळाशी दोन प्लेटमधली फट, ५० मिमी ठेवलंय, कारण पुढच्या कोन क्रशरला मोठा माल झेपत नाही. फाउंड्रीवाला म्हणतो १४ टक्के सोडा, १८ टक्के मँगनीज घ्या. भाव ३० टक्के जास्त. घ्यावं का? आणि प्लेट पलटी (खालची बाजू वर) नेमकी कधी मारायची?

पिटमन
शेठ, ग्रेडचं शेवटी बघू. खालचा भाग आधी झिजणं हे जॉमध्ये नेहमीचंच आहे, फिक्स प्लेट आधी जाणंही. पण आयुष्य एकदम निम्म्यावर आलं तर मँगनीजपेक्षा माल काय जातोय ते आधी बघा.

मँगनीज स्टील नवीन असताना मऊच असतं, साधारण २०० ब्रिनेल (कडकपणाचं माप). दगडाचा ठोका बसत गेला की पृष्ठभाग ४५०-५०० पर्यंत कडक होतो. म्हणजे ठोका हवा. माती, मुरूम, कच असा बारीक माल जॉमध्ये गेला की तो तळाशी गच्च बसतो, ठोका न देता नुसता घासतो. प्लेट कडक व्हायच्या आतच खरवडून निघते. १८ टक्केवालीचंही तेच होईल, फक्त जास्त पैशात.

तीन गोष्टी सांगा: ग्रिझलीच्या (जॉच्या आधी बारीक माल गाळणाऱ्या जाळीच्या) पट्ट्यांत फट किती आहे, जॉ भरलेला चालतो की अर्धा रिकामा, आणि झीज मधोमध आहे की एका बाजूला?

खडीवाला_३०२०
ग्रिझलीवर पावसाळ्यात पत्रा ठोकलाय. ओली माती पट्ट्यांत अडकायची, आणि खाली पडणारा माल मुरूमाच्या भावात जायचा म्हणून. झीज मधोमध जास्त. जॉ बहुतेक वेळ अर्धा रिकामाच.

पिटमन
मग उत्तर पत्र्यातच आहे. तो काढा. पट्ट्यांतली फट सेटिंगच्या जवळपास ठेवा, पुढे रुंद होत जाणारी असेल तर दगड अडकत नाही. जो माल आधीच सेटिंगपेक्षा बारीक आहे त्याचं जॉमध्ये काही काम नाही. मुरूमाच्या भावाने गेलेला माल प्लेटच्या भावाने गेलेल्यापेक्षा स्वस्तच पडतो.

जॉ अर्धा रिकामा चालला की फोडायचं सगळं काम तळावर येतं. फीडरचा (जॉमध्ये माल सोडणाऱ्या यंत्राचा) वेग असा लावा की दगड वरच्या दातांपर्यंत भरलेला राहील, पण तोंडावर साचून डोंगर होणार नाही. सगळ्यात मोठा डबर तोंडाच्या ८० टक्क्यांच्या आत, म्हणजे २० इंची तोंडाला १६ इंच. त्यावरचा ब्रेकरने फोडूनच टाका. मधोमध झीज म्हणजे फीडर एका पट्ट्यात माल सोडतोय. दगड पूर्ण रुंदीला पसरला पाहिजे.

सेटिंग ६५-७५ वर न्या. कोनला जड जातंय तर कोनचं फीड आणि चेंबर तपासा. त्याचा भार जॉवर ढकलला की प्लेट आणि टॉगल दोन्ही मार खातात.

वेज_टाईट
बोल्टबद्दल. मँगनीज ठोक्याने पसरतं. प्लेटच्या कडेला, विशेषतः खालच्या ओठाला, जो फुगवटा येतो तो ग्राइंडरने काढला नाही तर प्लेट चीक प्लेटला (बाजूच्या भिंतीवरच्या प्लेटला) आणि वेजला रेटते, आणि तुटतो बोल्ट. दर आठवड्याला काठ घासून घ्या.

नवी प्लेट बसवताना पिटमनची (हलणाऱ्या जबड्याची) आणि फ्रेमची बैठक तारेच्या ब्रशने साफ करा. मागे कच राहिली तर प्लेट डोलते. आधी बोल्ट जातो, मग मधोमध तडा, मग बैठकच खाल्ली जाते आणि तो खर्च प्लेटच्या कितीतरी पट. बसवल्यावर ७-८ तास लोडवर चालवून मशीन बंद करा, बोल्ट पुन्हा आवळा. दुसऱ्या दिवशी परत. नंतर आठवड्यातून एकदा.

पलटी: खालच्या दातांची उंची निम्मी राहिली की मारा. पूर्ण सपाट व्हायची वाट बघितली तर पलटीनंतर तो भाग वर जाऊन दगड पकडत नाही, घसरतो. पलटी मारल्यावर एका प्लेटचा दात समोरच्या प्लेटच्या खाचेत येतोय ना, बघा. दातासमोर दात आला की लोड वाढतो. पलटीनंतर सेटिंग नव्याने मोजा.

प्लेट निघत नाही म्हणून गॅस कटर लावू नका. चांगली प्लेट तापली की ठिसूळ होते, वर धूरही वाईट. घण मारताना चष्मा लावाच. मँगनीजची कपची गोळीसारखी उडते. आणि आत उतरण्याआधी मेन स्विच काढून कुलूप, फ्लायव्हील अडवलेलं.

दगडधोंडा
ग्रेडचं राहिलं. फाउंड्रीत लोहचुंबक घेऊन जा. नीट पाणी दिलेलं (तापवून पाण्यात विझवलेलं) मँगनीज चुंबकाला धरत नाही. वरच्या सालीला थोडं धरू शकतं, म्हणून एका कोपऱ्यात २-३ मिमी घासून मग लावा. तिथेही घट्ट धरलं तर प्लेट परत, टक्के कितीही लिहिलेले असोत.

१८ चा हिशोब ब्रासवर करा. समजा साधा सेट १ लाखाचा आणि ५,००० ब्रास देतो, तर ब्रासला २० रुपये. १८ वाला १.३ लाखाचा आणि ६,००० ब्रास देतो, तर २१ रुपये ६७ पैसे. परवडायला ६,५०० च्या वर गेला पाहिजे. वाचलेला बदलीचा वेळ हिशोबात वेगळा धरा. पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटी भरलेली असेल, किंवा सिंधुदुर्गासारखा क्वार्ट्झाइट असेल, तर १८ टक्के आणि २ टक्के क्रोमियमचा विचार करा. साध्या काळ्या पाषाणाला आधी पत्रा काढून एक सेट १४ वरच चालवून बघा, ब्रास लिहून ठेवा, मग ऑर्डर.

आणि टॉगल तुटला तर जाड पत्र्याचा करून बसवू नका. पोकलेनचा दात आत गेला की तुटण्यासाठीच तो ठेवलेला असतो.

खडीवाला_३०२०
पत्रा उद्या काढतो. ओल्या मातीचं काय करायचं पण?

पिटमन
ओला माल खाणीतच वेगळा टाका, ऊन पडल्यावर घ्या. फीडरवर माती दिसली की पोकलेनवाल्याला खाणीच्या तोंडावरचा वरचा थर सोडून आतला दगड उचलायला सांगा. पट्ट्या रोज संध्याकाळी सब्बलने मोकळ्या करायच्या, दहा मिनिटांचं काम आहे.