लॅटिनचे विभक्तिप्रत्यय लक्षात कसे ठेवायचे? तक्ते पाठ आहेत, वाचताना उपयोग शून्य

नमस्कार. मी लॅटिन घरीच, पुस्तकावरून शिकते आहे. पाच डिक्लेन्शन (म्हणजे सारखे प्रत्यय घेणाऱ्या नामांचे गट), सहा विभक्ती, दोन वचनं, सगळे तक्ते पाठ आहेत. ओळीनं म्हणायला सांगा, न अडखळता म्हणून दाखवेन. पण वाक्य समोर आलं की सगळं मुसळ केरात.

शब्दाच्या शेवटी '-ई' दिसली की ती दुसऱ्या डिक्लेन्शनची षष्ठी एकवचन, त्याचीच प्रथमा अनेकवचन, की तिसऱ्याची चतुर्थी एकवचन, हे ठरवायला मनातल्या मनात अख्खा तक्ता वरून खाली म्हणावा लागतो. '-उम्'चं तर विचारूच नका. दुसऱ्याची द्वितीया, नपुंसकलिंगाची प्रथमा, तिसऱ्याची षष्ठी अनेकवचन, सगळीकडे हजर!

विशेषणांनी आणखी घोळ घातलाय. नाम तिसऱ्या डिक्लेन्शनचं आणि विशेषण पहिल्या-दुसऱ्याचं असलं की शेवट जुळत नाहीत आणि कोण कोणाचं विशेषण तेच कळत नाही.

शाळेत संस्कृत होतं, त्यामुळे विभक्ती म्हणजे काय हा प्रश्न नाही. उलट 'तिसरं' म्हटलं की तृतीयाच डोक्यात येते, तो एक वेगळाच ताप. फ्लॅशकार्डचं अ‍ॅपही वापरून झालं. कार्डं पाठ होतात, वाक्यं लागत नाहीत. काही युक्ती आहे का? 'रोज वाचत राहा' सोडून काहीही चालेल.

(लॅटिन शब्द देवनागरीत लिहिते आहे. शेवटचा अ संस्कृतसारखा पूर्ण उच्चारायचा. ए-ओचे ऱ्हस्व-दीर्घ मात्र आपल्या लिपीत दाखवता येत नाहीत.)

प्रतिसाद १

तक्ता उभा पाठ केलात, आता तो आडवा वाचा. म्हणजे एका डिक्लेन्शनच्या सगळ्या विभक्ती नव्हे, तर एक विभक्ती पाचही डिक्लेन्शनमध्ये. पुल्लिंगी-स्त्रीलिंगी द्वितीया एकवचन बघा: -अम्, -उम्, -एम्, -उम्, -एम्. पाचही ठिकाणी म्. संस्कृतातलं 'रामम्' आठवा. द्वितीया अनेकवचन: -आस्, -ओस्, -एस्, -ऊस्, -एस्. दीर्घ स्वर आणि स्. षष्ठी अनेकवचनात सगळीकडे शेवटी -उम्; पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्यात त्याआधी र येतो (-आरुम्, -ओरुम्, -एरुम्). अ‍ॅब्लेटिव्ह (आपल्या तृतीया-पंचमी-सप्तमीचं काम करणारी विभक्ती) एकवचन म्हणजे नुसता स्वर, तिसरं सोडलं तर दीर्घ.

शिवाय बरीच रूपं फुकटात मिळतात. नपुंसकलिंगात प्रथमा आणि द्वितीया कायम सारखी, 'वनम्-वनम्' असतं तशीच, आणि अनेकवचनात त्या दोन्हींचा शेवट ऱ्हस्व अ. चतुर्थी आणि अ‍ॅब्लेटिव्ह अनेकवचन पाचही डिक्लेन्शनमध्ये एकच. 'रामेभ्यः' चतुर्थीलाही आणि पंचमीलाही चालतंच की. संबोधन म्हणजे प्रथमाच. एकवचनात -उस् असलेले दुसऱ्या डिक्लेन्शनचे शब्द तेवढे -ए घेतात आणि -इउस् असलेले -ई. एवढं वगळलं की पाठ करायला उरतं ते फार नाही.

'-ई'चा गोंधळ मात्र तक्त्यानं सुटणार नाही, कारण तो प्रत्ययाचा नाहीच, शब्दसंग्रहाचा आहे. 'सेर्वी' आणि 'रेगी' दोन्हींत -ई आहे. पण गुलाम म्हणजे 'सेर्वुस्, सेर्वी' आणि राजा म्हणजे 'रेक्स्, रेगिस्' अशी जोडी पाठ असेल तर 'रेगी' चतुर्थी सोडून काही असूच शकत नाही. शब्दकोशात प्रथमेनंतर षष्ठी देतात ती यासाठीच. षष्ठीवरून डिक्लेन्शन कळतं (-आय, -ई, -इस्, -ऊस्, -एई) आणि मूळ अंगही मिळतं. 'कोर्पुस्' दिसायला दुसऱ्याचा वाटतो, 'कोर्पोरिस्' म्हटलं की तिसऱ्याचा. नवीन शब्द षष्ठीशिवाय आणि लिंगाशिवाय वहीत लिहूच नका. माझ्या मते तुमचा अर्धा त्रास इथला आहे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. विशेषणांसाठी वनस्पतींची शास्त्रीय नावं घ्या. केशर क्रोकस सटायव्हस, तांदूळ ओरायझा सटायव्हा, वाटाणा पायसम सटायव्हम. एकच विशेषण, तीन लिंगं. आणि पिंपळ? फायकस रिलिजिओसा. नाम -उस्, विशेषण -अ, कारण लॅटिनमध्ये झाडांची अशी नावं बहुतेक स्त्रीलिंगी असतात. शेवट जुळत नाही, लिंग जुळतं. मराठीत आपण 'मोठा कवी' म्हणतो, कवी ईकारान्त आहे म्हणून 'मोठी' करत नाही. तसंच 'पोएत मग्नुस्'.

रोजच्या वापरातही माल पडलेला आहे. पोस्टमॉर्टेममध्ये द्वितीयेचा म्, सीव्हीतल्या 'व्हिटे'मध्ये पहिल्या डिक्लेन्शनची षष्ठी, बोनाफाईडमध्ये अ‍ॅब्लेटिव्ह (नाम पाचव्याचं, विशेषण पहिल्याचं), पर कॅपिटात नपुंसकलिंगी द्वितीया अनेकवचन. आणि बस म्हणजे 'ओम्निबुस्'ची शेपटी: 'सर्वांसाठी', चतुर्थी अनेकवचन. -इबुस् विसरायची सोयच नाही.

प्रतिसाद ३

विभक्तींचा क्रम बदलून पाहा. प्रथमा, संबोधन, द्वितीया, मग षष्ठी, चतुर्थी, अ‍ॅब्लेटिव्ह. ब्रिटिश पुस्तकांत असाच असतो. सारखी रूपं शेजारी शेजारी येतात. बाकी, घोकंपट्टीला नावं ठेवू नका, तिच्याशिवाय वरचं आडवं वाचनही जमणार नाही.

धागाकर्ती

आडवा तक्ता लिहून काढला. इतका वेळ हे कुणी का दाखवलं नाही! दोन शंका. एक, नाम-विशेषणाच्या जोड्यांचा सराव कसा करायचा? दुसरी, तिसऱ्या डिक्लेन्शनच्या विशेषणांचं अ‍ॅब्लेटिव्ह कधी -ई तर कधी -ए का दिसतं?

प्रतिसाद १

सरावाला मुद्दाम न जुळणारी जोडी घ्या. उर्ब्स् (शहर, स्त्रीलिंगी, तिसरं) आणि मग्न (मोठी). उर्बेम् मग्नम्, उर्बिस् मग्नाय, उर्बी मग्नाय, उर्बे मग्ना. अनेकवचनात उर्बेस् मग्नाय, उर्बेस् मग्नास्, उर्बिउम् मग्नारुम्, उर्बिबुस् मग्नीस्. गंमत बघा: 'उर्बेस्' प्रथमा की द्वितीया हे नाम सांगत नाही, विशेषण सांगतं. उलट 'मग्नाय' षष्ठी की चतुर्थी हे 'उर्बिस्' आणि 'उर्बी' सांगतात. तुम्हाला जो घोळ वाटतोय तीच वाचकाची सोय आहे. म्हणून वाक्यात प्रत्यय एकेकटा सोडवायला जाऊ नका, आधी जोडीदार शोधा.

दुसरी शंका: 'ओम्निस्'सारख्या विशेषणांत इकार टिकून असतो, म्हणून अ‍ॅब्लेटिव्ह ओम्नी, नपुंसकलिंगी अनेकवचन ओम्निअ, षष्ठी ओम्निउम्. हाच नेहमीचा नियम धरा. '-पेक्षा जास्त' अर्थाची तुलनेची रूपं त्याला अपवाद, त्यांत -ए, -अ, -उम्. आणि -न्स् वाली धातुसाधितं क्रियेसारखी वापरली तर -ए, निव्वळ विशेषण म्हणून वापरली तर -ई.

ऊनुस्, सोलुस्, तोतुस्, नूल्लुस् वगैरे नऊ विशेषणं एकवचनात तिन्ही लिंगांना षष्ठीत -ईउस् आणि चतुर्थीत -ई घेतात. ती आत्ता बाजूला ठेवा. वाचताना अडतील तेव्हा याच धाग्यावर विचारा.