अमेरिकेत भाडं आणि वीज-गॅसचं बिल दोन्ही थकलंय, आधी कुठे जायचं? (‘उंबरठा’ विचारतो; ‘जमाखर्च’, ‘दिवाबत्ती’ आणि ‘तारीखवार’ या टोपणनावांनी उत्तरं.)

उंबरठा: चौघांचं कुटुंब आहे, एकाची नोकरी गेली. ३ महिन्यांचं भाडं आणि वीज-गॅसची २ बिलं थकली आहेत. ‘भाडं भरा नाहीतर जागा सोडा’ अशी नोटीस दारावर लागली आहे, कंपनीचं जोडणी तोडण्याचं पत्रही आलंय. नेटवर ‘इमर्जन्सी रेंटल असिस्टन्स’ची पानं दिसतात, पण अर्ज उघडत नाही. आज कोणती सरकारी मदत चालू आहे?

जमाखर्च: ती पानं जुनी आहेत. कोविडच्या काळात केंद्राने या भाडेमदतीसाठी आधी २५ अब्ज आणि मग २१.५५ अब्ज डॉलर दिले होते. दुसऱ्या टप्प्याची मुदतही ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. त्या नावाने कुणी अर्ज भरून द्यायचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

आता २११ वर, म्हणजे स्थानिक मदतीची माहिती देणाऱ्या हेल्पलाइनवर, फोन करा. ‘मदत हवी’ एवढंच म्हटलंत तर लांबलचक यादी हातात पडते. झिप कोड सांगून थेट विचारा: बेघर होण्यापासून बचावासाठी ‘इमर्जन्सी सोल्यूशन्स ग्रँट’चे पैसे आमच्या काउंटीत कोण देतं आणि त्यांच्याकडे आज निधी शिल्लक आहे का? या योजनेतून ६ महिन्यांपर्यंतची थकबाकी, लेट फीसकट, एकदाच भरता येते. अट कडक आहे: उत्पन्न त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून कमी हवं. एक पगार चालू असेल तर बरेचदा इथेच अडतं. अशा वेळी काउंटीचं समाजकल्याण खातं आणि कम्युनिटी ॲक्शन एजन्सी (गरजूंना मदत करणारी स्थानिक संस्था), दोन्हीकडे वेगळे अर्ज करा.

दारावरची नोटीस फेकू नका. २१ दिवसांच्या आत जागा सोडावी लागेल असं लेखी कळवलेलं असणं, हा घर जाण्याच्या धोक्याचा एक मान्य पुरावा आहे.

दिवाबत्ती: बिलासाठी ‘लाय-हीप’ (LIHEAP), म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना वीज-गॅसच्या बिलासाठी मिळणारी केंद्राची मदत. त्यातही नेहमीचा अर्ज आणि ‘क्रायसिस’ अर्ज वेगळे असतात. जोडणी तोडण्याचं पत्र हातात असेल तर ‘क्रायसिस’च म्हणा. त्यात पात्र कुटुंबाला ४८ तासांत, जिवाला धोका असेल तर १८ तासांत काहीतरी तोडगा द्यावा लागतो. पाण्याचं बिल यात बसत नाही. खातं कुणाच्या नावावर आहे तेही पाहून ठेवा, बिल घरमालकाच्या नावावर असेल तर भाडेकरार जोडावा लागू शकतो.

त्याच दिवशी कंपनीला फोन करून हप्ते बांधून मागा आणि अर्ज केल्याचं सांगा. घरात आजारी माणूस असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालतं का तेही विचारा, बऱ्याच राज्यांत त्यावर जोडणी तोडणं काही काळ थांबतं. झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा. एक जरी चुकला तरी सवलत रद्द होऊ शकते.

उंबरठा: घरमालक म्हणतो, मी सरकारी कागदांवर सही करणार नाही.

जमाखर्च: बरेच अर्ज इथेच रखडतात. पैसे थेट घरमालकाला जातात, त्यामुळे त्याच्याकडून डब्ल्यू-नाइन फॉर्म (त्याचा कर-क्रमांक देणारा) आणि महिनावार थकबाकीचा उतारा लागतो. ईमेलवर मागा, म्हणजे मागितल्याचा पुरावा राहील. पैसे मिळाल्यावर घर खाली करण्याची केस मागे घेईन, हे त्याच्याकडून लेखी घ्या. नाहीतर थकबाकी फिटूनही घर जातं.

तारीखवार: अर्ज मंजुरीच्या वाटेवर आहे म्हणून कोर्ट थांबत नाही. समन्स आलं की लेखी उत्तराची मुदत मोजकेच दिवस असते. कॅलिफोर्नियात पूर्वी कोर्टाच्या कामकाजाचे ५ दिवस होते, २०२५ पासून १० झाले. उत्तर दिलं नाही किंवा तारखेला गेलं नाही तर एकतर्फी निकाल लागू शकतो आणि मग मंजूर झालेले पैसेही बहुधा उपयोगी पडत नाहीत. अर्जाची पोच, पगाराच्या चिठ्ठ्या, नोकरी गेल्याचं पत्र, सगळं घेऊन तारखेला जा आणि मुदत मागा. कोर्टाच्या आदेशाशिवाय घरमालकाने कुलूप बदललं किंवा वीज तोडली तर ते जवळपास सगळ्या राज्यांत बेकायदा आहे.

ग्रीन कार्ड नसलेल्यांनी हे आधीच पाहावं: लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनच्या निधीवर चालणाऱ्या, गरिबांना मोफत वकील देणाऱ्या संस्था व्हिसावरच्या लोकांची केस बहुधा घेऊ शकत नाहीत. विधी महाविद्यालयाचं क्लिनिक किंवा काउंटीची बार असोसिएशन (वकिलांची संघटना) गाठा. तिथे पहिल्याच फोनवर कोर्टाची तारीख सांगा.