व्यसनाने, आजाराने नेलेल्या लेकराविषयी लिहिताना (अनुभव धागा)

व्यसन किंवा मनाचा आजार यांच्याशी झगडता झगडता गेलेल्या मुला-मुलीविषयी लिहायला बसलेले आईबाप आपल्यात बरेच आहेत. कोणी छापायचं म्हणून लिहितं, कोणी नुसतं नातवंडांसाठी. तिसऱ्या-चौथ्या पानावर हात थांबतो. ज्यांनी असं लिखाण तडीस नेलंय किंवा दुसऱ्याला त्यात मदत केलीय, त्यांनी कामाच्या गोष्टी इथे द्याव्यात. कागद, फोन, औषधं, मांडणी, जे माहीत असेल ते.

गोदाकाठ

आधी कागद. रुग्णालयाने आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि ‘केस पेपरची पूर्ण प्रत’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर नुसतं डिस्चार्ज कार्ड हातात पडतं. नर्सिंग नोट्स आवर्जून मागा. रात्री झोप लागली का, जेवण गेलं का, घरी फोन लावून द्या म्हणाला का, हे असलंच तर तिथे असतं.

मृत्यू अनैसर्गिक असेल तर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, तिला ए.डी. म्हणतात. तिचा क्रमांक आणि वर्ष टिपून ठेवा, पंचनाम्यापासून शवविच्छेदन अहवालापर्यंत सगळं त्याच्याच आधारे शोधता येतं. मृत्यूचं कारण ‘राखून ठेवलं’ असेल तर व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेत गेलेला असतो आणि निकालाला महिने लागतात. तोवर शेवटचं प्रकरण हातात घेऊ नका. आणि तो अहवाल स्वतः वाचू नका. ओळखीच्या डॉक्टरांना वाचायला द्या, हवं तेवढंच त्यांना विचारा.

पारवा

कागदांपेक्षा फोनची घाई मोठी. मुलाचं सिम रिचार्ज करत राहा. नंबर बंद होऊन दुसऱ्या कोणाला मिळाला की ओटीपीही तिकडेच जाणार. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरात नसेल तर पुसलं जातं, गूगलचं २ वर्षांनी. तुमच्या स्वतःच्या फोनवरची त्याच्याशी झालेली चॅट दोनदा एक्स्पोर्ट करा. मीडियासह केली तर फक्त शेवटचे सुमारे १०,००० मेसेज येतात, मीडियाशिवाय ४०,००० पर्यंत.

आवाज सगळ्यात आधी वाचवा. अँड्रॉइड फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरात व्हॉइस नोट्सचं फोल्डर असतं. आत आठवडावार कप्पे, त्यात ओपस प्रकारच्या फायली. फाइलच्या नावात तारीख असते, माणूस नसतो. त्यामुळे एकेक ऐकून नाव बदलावं लागतं: ‘२०१९-०८ गाडी चुकली, उशीर होईल’. एका बैठकीत पाच-सातच्या वर ऐकू नका. शक्यतो चुलतभावाला किंवा मैत्रिणीला सोबत बसवा. मग दोन पेनड्राइव्ह, दोन वेगळ्या घरांत. पोलिसांनी फोन घेतला असेल तर तो मुद्देमाल असतो, परत मिळवायला अर्ज करावा लागतो. मिळाल्यावर अंदाजाने पिन टाकत बसू नका, काही फोन ठरावीक चुकांनंतर सगळा डेटा पुसतात.

शेवंती

व्यसनमुक्तीच्या कामातून सांगते. सगळ्यात जास्त चुका ‘का गेला’ या पानावर होतात आणि आईबाप तिथे स्वतःलाच दोषी ठरवून मोकळे होतात.

ब्राऊन शुगर किंवा अफूच्या जातीच्या गोळ्या काही आठवडे बंद राहिल्या की शरीराची सवय उतरते. पूर्वी पचणारा डोसच आता श्वास थांबवतो. केंद्रातून घरी आल्यावरचे पहिले आठवडे म्हणूनच फार धोक्याचे असतात. ‘बरा होऊन आला होता, म्हणजे मुद्दामच केलं असणार’ असं लिहिण्याआधी डॉक्टरांशी हे बोला.

दारूचं वेगळं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. पुढे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी थरथर, ताप, भ्रम, आणि यात जीवही जातो. कित्येक आया ‘मी बाटली लपवली म्हणून गेला’ असं लिहितात. अहो, ती सोडवणं डॉक्टरांच्या देखरेखीत करायचं असतं, हे त्या घराला कोणी सांगितलेलंच नसतं. तेही लिहा.

मावळतीर

मृत्यूपासून मागे लिहीत गेलं की सातव्या वर्षी रुसून माळ्यावर बसलेलं पोरही आजारी दिसायला लागतं. २०० पानी वही घ्या, चार रकाने आखा: तारीख, घडलं काय, पुरावा, तेव्हा आम्हाला काय माहीत होतं. चौथा रकाना कष्टाचा आहे, पण सगळं लिखाण त्याच्यावर उभं राहतं. निदान २०१६ चं असेल तर २०१४ च्या पानावर आजाराचं नाव येता कामा नये. तिथे फक्त रात्रभर जळणारा दिवा आणि न उघडलेला डबा.

आजारपणाची वर्षं सगळी पानं खातात, म्हणून आधीची पानं मोजून बाजूला काढा. चोरी, खोटं बोलणं, विकलेल्या पाटल्या गाळू नका. ते नसेल तर तुम्ही इतकी वर्षं कशाशी झुंजत होतात, ते वाचणाऱ्याला कळणार नाही.

शेवंती

राहिलं होतं. आत्महत्या असेल तर पद्धत, जागा आणि चिठ्ठीतला मजकूर देऊ नका. त्याच अवस्थेतला वाचक नेमकं तेवढं उचलतो. केंद्रातल्या इतर मुलांची नावं-गावं नकोत. लिहायचं ते सकाळी, घरात कोणी असताना. लिहिताना स्वतःचंच मन त्या टोकाला जाऊ लागलं तर वही मिटा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं.

गोदाकाठ

भावंडांना छापण्याआधी वाचायला द्या, पाहुण्यांसमोर नको.

धागाकर्ती

आणि भावंडं नको म्हणाली तर?

मावळतीर

तर ती पानं छापायची नाहीत. पाकिटात घालून वर तारीख टाका, वर्षभराने पुन्हा विचारा. तोवर त्यांना एकच काम द्या, जन्मापासूनचे फोटो लावून प्रत्येकाच्या मागे साल आणि ठिकाण पेन्सिलने लिहायचं.