मदत हवी आहे: भावाचे ब्लॉक अकाउंटचे पैसे अडकलेत, घरमालक कागद देईना

विट्याची_लेक (शुक्रवार, रात्री ११.४०)
नमस्कार. घाईत लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. भाऊ २३ सप्टेंबरला गेला. ब्लॉक अकाउंटला वर्षाचे पैसे आम्ही जायच्या आधीच भरलेत, पण अजून त्याच्या हातात काहीच आलेलं नाही. सोबत दिलेल्या कार्डावर जेमतेम १०० उरलेत. घरमालक कागद देत नाही म्हणतो, आणि कागदाशिवाय पुढचं काहीच होणार नाही असं त्याला कुणीतरी सांगितलंय. आज वसुबारस, आईने दिवे लावले पण घरात कुणी कुणाशी बोलत नाही. इकडून अजून पैसे पाठवायचे तर कसे पाठवायचे? ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी कृपया लवकर सांगा.

कराडकर_काका
ताई, देश कुठला? शहर कुठलं? १०० काय, डॉलर का पौंड?

औंध_रोड
माझा मुलगा इंग्लंडात लीड्सला आहे. पहिलं काम म्हणजे घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं, आजारी पडायची वाट बघायची नाही. व्हिसा फीबरोबर हेल्थ सरचार्ज भरलेला असतो, त्यामुळे डॉक्टरला वेगळे पैसे लागत नाहीत. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करायचं नाही, याबाबत फार कडक आहेत. काउन्सिल टॅक्सच्या (तिकडची घरपट्टी) माफीसाठी युनिव्हर्सिटीचं पत्र घ्यायला सांगा.

विट्याची_लेक
ब्लॉक अकाउंट म्हटल्यावर जर्मनीच ना. माग्डेबुर्ग. मास्टर्सला गेलाय. १०० युरो.

कृष्णाकाठ_सांगली
मी २०१८ ते २१ तिकडं होतो. आधी ब्लॉक अकाउंट कसं चालतं ते नीट सांगतो, कारण घरच्यांना वाटतं ते आपल्या बचत खात्यासारखं आहे. तसं नाही. तुम्ही भरलेले ११,९०४ युरो तिथं कुलूप लावून ठेवलेले असतात, आणि दर महिन्याला त्यातले फक्त ९९२ सुटतात. तेसुद्धा थेट हातात येत नाहीत. मुलाने जर्मनीत साधं चालू खातं उघडायचं, त्याचा आयबॅन नंबर (तिकडचा खाते क्रमांक) ब्लॉक अकाउंटवाल्यांच्या अॅपमध्ये टाकायचा, ते मागतील ती कागदपत्रं चढवायची, मग पैसे त्या खात्यात येतात.
आता सांगा, घरमालक कुठला कागद देत नाही? भाडेकरार, की वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग? नाव लांबलचक आहे, पण ‘हा माणूस माझ्याकडे राहायला आलाय’ एवढंच एका पानावर लिहून सही करायची असते. ते घेऊन नगरपालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात.

विट्याची_लेक
हो, तोच दुसरा. तो एका सीनियरच्या फ्लॅटवर आहे. करार सीनियरच्या नावावर. हॉस्टेलला नंबर वेटिंगवर आहे.

पलूसचा_पाटील
मग सोपं आहे. ओळखीत कुणाचा तरी पत्ता घ्या, त्याच्याकडून सही घ्या, नोंद करून टाका. आमच्या भाच्याने असंच केलं, काही झालं नाही.

कृष्णाकाठ_सांगली
दादा, हे कृपया कुणाला सांगू नका. न राहता नुसता पत्ता वापरायला देणं तिकडं कायद्याने बंद आहे, आणि पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. भाच्याचं निभावलं म्हणून दुसऱ्याच्या पोराला त्यात ढकलू नये.

पलूसचा_पाटील
अडचणीत असलेल्याला आधी वाट दाखवावी, कायदा नंतर. तुम्ही ५०,००० म्हणून त्या ताईंना अजून घाबरवलं.

कृष्णाकाठ_सांगली
घाबरवत नाही. पोरगं जिथं खरंच राहतंय तिथलीच नोंद होऊ शकते, हेच सांगायचंय. सही मूळ मालकाचीच लागते असं नाही. ज्याच्या नावावर करार आहे आणि ज्याने खोली राहायला दिली, तो सीनियरसुद्धा सही करू शकतो. फक्त त्याने मालकाकडून माणूस ठेवायची परवानगी लेखी घेतलेली असावी, नाहीतर त्याचाच करार अडचणीत येईल. म्हणजे मालकाकडे कागद मागायचाच नाही, परवानगी मागायची. ‘हॉस्टेल मिळेपर्यंत, अमुक महिन्यापर्यंत’ असं लिहून मेल करा. तोंडी विचारलं की नाही म्हणतात, मुदत लिहून दिली की बऱ्याचदा हो म्हणतात. हा माझा स्वतःचा अनुभव.

इस्लामपूर_८६
आनमेल्डुंग राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत करायची असते. २३ सप्टेंबरला गेलाय म्हणजे मुदत टळून गेली. अपॉइंटमेंट तरी घेतलीय का?

विट्याची_लेक
४ नोव्हेंबरची मिळालीय. त्याच्या आधीची नव्हती. दंड लागेल का?

इस्लामपूर_८६
माझ्या बहिणीला ५ आठवड्यांनी मिळाली होती. अपॉइंटमेंटचा मेल प्रिंट काढून सोबत नेला, कुणी काही म्हणालं नाही. रोज सकाळी ऑफिस उघडायच्या वेळी साइट बघायला सांगा, कुणी रद्द केलेली वेळ मिळून जाते.

विश्रामबाग_जुना
हे सगळं वाचून वाईट वाटतं. आपल्या सांगलीत वालचंदसारखं कॉलेज असताना पोरं एवढी कर्जं काढून परक्या देशात का जातात? आईबापाच्या जिवाला घोर.

इस्लामपूर_८६
काका, ताईंचा प्रश्न हा नाही. आणि जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत फी नसते, सेमिस्टरची वर्गणी भरायची. बाडेन वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपियन युनियनबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. विट्याच्या यंत्रमागवाल्याच्या पोराला दुसरीकडे एवढं परवडलं असतं का?

विट्याची_लेक
आमचे यंत्रमाग नाहीत, बाबा शिक्षक होते. पण बरोबर आहे, अमेरिकेचा आम्ही विचारच केला नाही.

तासगाव_बेदाणा
इन्शुरन्स कुठला घेतलाय? ३० वर्षांच्या आतला असेल तर सरकारीच घ्या. स्वस्त पडतं म्हणून एकदा लिहून देऊन खासगीत गेला, तर शिक्षण संपेपर्यंत परत सरकारीत येता येत नाही. आमच्या शेजारच्या मुलाचं तेच झालं, दाताचं काम निघालं आणि सगळं खिशातून गेलं.

विट्याची_लेक
सरकारीच आहे. मला आत्ता पैशांचं सांगा ना कुणीतरी. बाबा सोमवारी बँकेत जायचं म्हणतायत.

कराडकर_काका
सोबत दिलेलं फॉरेक्स कार्ड ज्या बँकेतून घेतलं तिथंच रिलोड करा. कागदपत्रं त्यांच्याकडे आहेत, बाबांचं पॅन न्या. आजच्या घडीला हे सगळ्यात लवकर होईल. खात्यातून खात्यात पाठवायचे तर ए२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा अर्ज) भरावा लागतो, वर्षाला माणशी २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्याला लागायची नाही. पण त्याला त्याचं तिकडचं खातं लागणारच. दिवाळीत बँकेच्या सुट्ट्या बघून जा.

विट्याची_लेक
धन्यवाद काका. बाबा कार्डाचंच करतील. सोबत एक पार्सल पण पाठवतोय, फराळ, तूप आणि साताऱ्याचे कंदी पेढे. चालतात ना?

सातारी_माहुली
पेढे आणि तूप नको. दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून न्यायला बंदी आहे, सामानातूनही आणि पोस्टानेही. मी स्वतः मोती चौकातून घेतलेले दोन किलो पेढे फ्रँकफुर्टला कस्टममध्ये टाकून आलेय, डोळ्यांत पाणी आलं होतं. खव्याच्या करंज्या पण नको. भडंग, चिवडा, मसाला, बेदाणे पाठवा. भेट म्हणून पाठवलेल्या पार्सलची किंमत ४५ युरोच्या आत ठेवा, नाहीतर ड्युटी बसते.

तासगाव_बेदाणा
मसाल्यावरून आठवलं. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी खसखस घातलेला काळा मसाला बॅगेत घेऊ नये. तिकडं खसखस म्हणजे अमली पदार्थात धरतात.

पलूसचा_पाटील
कंदी पेढ्याला दुधाचा पदार्थ म्हणून अडवतात? तो तर भाजलेला असतो, टिकतो.

सातारी_माहुली
भाजला तरी खवाच ना दादा.

मिरज_जंक्शन
सगळं वाचलं. एक गोष्ट कुणी विचारली नाही. पोराने चालू खातं उघडलंय का? कारण ते असलं तर ब्लॉक अकाउंटचे पैसे अडायचं कारण घरमालक नसूही शकेल.

विट्याची_लेक
उघडलंय की, पहिल्याच आठवड्यात. पण कार्ड आणि पिन पोस्टाने येणार होतं ते आलंच नाही. बँक म्हणते आम्ही दोनदा पाठवलं. म्हणून त्याने आयबॅन पण कुठे टाकला नाही, कार्ड आल्यावर टाकू म्हणाला.

मिरज_जंक्शन
खालच्या टपालपेटीवर त्याचं आडनाव लावलंय का?

विट्याची_लेक
म्हणजे?

मिरज_जंक्शन
विट्यात पोस्टमन ‘सरांचं पोरगं’ म्हटलं की घरी आणून देतो. तिकडं पोस्टमन पेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव बघतो. पाकिटावरचं आडनाव पेटीवर नसेल तर पत्र उलट टपाली परत जातं. बँक खरंच सांगते, तिने पाठवलं असणार. आत्ता विचारा त्याला. आणि आयबॅनला कार्डाची वाट बघायची गरज नाही, तो खातं उघडतानाच मिळतो. आज रात्रीच अॅपमध्ये टाकायला सांगा.

विट्याची_लेक (शनिवार, रात्री ९.१५)
पेटीवर फक्त सीनियरचं आडनाव आहे. आत्ता व्हिडिओ कॉलवर त्याने कागदाची चिठ्ठी लिहून वर सेलोटेप लावली. आयबॅन पण टाकला. तीन आठवडे आम्ही घरमालकाला बोल लावत होतो.

मिरज_जंक्शन
बँकेला फोन करून पत्ता पुन्हा सांगायला लावा, नवीन पत्रं मागवा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच लिहा. आनमेल्डुंगनंतर टॅक्स नंबर, इन्शुरन्स कार्ड, सगळं त्याच पेटीत येतं. घर बदललं की पहिलं काम तेच.

कृष्णाकाठ_सांगली
हे मी विचारायला हवं होतं. मला स्वतःला हे माहीत आहे, तरी सुचलं नाही. परवानगीचा मेल मात्र सोडू नका, आनमेल्डुंग व्हायलाच हवी.

विट्याची_लेक (पुढचा शनिवार)
कार्ड रिलोड झालं. अॅपवाल्यांनी कागदपत्रं मंजूर केली आणि काल पहिले ९९२ खात्यात आले. कार्ड आलं, पिन सोमवारी येईल म्हणतात. मालकाने जानेवारीपर्यंत राहायची परवानगी मेलवर दिली, सीनियर सही करतोय. बाबांनी मिरज_जंक्शन यांना नमस्कार सांगितलाय. पार्सलमधून पेढे काढले, भडंग घातलं.

जत_ची_आई
माझी मुलगी पुढच्या सप्टेंबरला डब्लिनला जाणार आहे. तिकडं पण पेटीवर आडनाव लावावं लागतं का?