माळावरचा रेसिंग ट्रॅक पुन्हा सुरू व्हावा की बंदच राहावा?

उद्यमनगरचा फिटर

काल येथे एका सद्गृहस्थांनी लिहिले की माळावरचा ट्रॅक बंद पडला ते बरेच झाले, बापाच्या पैशावर पेट्रोल जाळणाऱ्या पोरांसाठी गावाने कान का किटवून घ्यावेत, आणि ज्यांना तो पुन्हा सुरू हवा आहे त्यांनी आधी स्वतःच्या दारात ट्रॅक करून दाखवावा. एरवी मी अशा लिखाणाला उत्तर देत नाही, पण "बापाचा पैसा" हे शब्द वाचून रात्री झोप लागली नाही.

मी त्या ट्रॅकचा मालक नाही की भागीदार नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षे इंजिने खोलली आणि बसवली, एवढीच माझी ओळख. त्या ट्रॅकवर मी पाहिलेली बहुतेक पोरे आठवडाभर फौंड्रीत किंवा लेथवर राबून रविवारी येत आणि एक जुनी कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, तिघांत मिळून चालवत. कार्टला सस्पेन्शन नसते आणि दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियलही नसते. मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असल्यामुळे वळणात आतले मागचे चाक क्षणभर जमिनीवरून उचलले गेले नाही, तर गाडी वळायचे नाव घेत नाही आणि नाकासमोर सरळ जाते. ते चाक उचलायचे कसे, त्यासाठी चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, किती लवचीक ठेवायची, पुढच्या चाकांचा कोन किती द्यायचा, हे ज्या पोराला एका रविवारी उमगले त्याला मी सोमवारी डोळे मिटून गॅरेजमध्ये कामाला ठेवले असते, आणि दोघांना ठेवलेही.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून निघालेले सुटे भाग देशभरच्या गाड्यांत बसतात, पण त्या गाड्यांचा वेग शास्त्रशुद्ध शिकायचा असेल तर आपल्या पोराने कोइम्बतूर किंवा चेन्नई गाठायची. कोइम्बतूरला 2003 पासून कारी स्पीडवे हा ट्रॅक आहे. चेन्नईकर आधी शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर शर्यती घेत, आणि 1990 मध्ये त्यांनी इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक उभा केला. आपला ट्रॅक त्यांच्यापुढे पोरखेळ होता हे मान्य, पण तो आपला होता. तो बंद झाला म्हणून वेग बंद झाला का, हे रात्री अकरानंतर बायपासला उभे राहून कोणीही पाहावे.

माळावरची वस्ती

ज्यांचे लिखाण आपल्याला झोंबले ते मी नव्हे, परंतु त्यांच्या मताशी मी सहमत आहे आणि माझे घर त्या ट्रॅकच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

आपण चाक उचलण्याचे शास्त्र सांगितलेत. मी आपल्याला म्हशीचे शास्त्र सांगतो. धार काढायच्या वेळी कुंपणापलीकडे टू-स्ट्रोक इंजिन किंचाळू लागले की म्हैस पान्हा चोरते. कितीही पेंड समोर टाका, कास थोपटा, रेडकू सोडा, ती दूध वर ओढून धरते आणि सकाळची दूध संकलनाची गाडी निघून जाते. हे एखाद्या रविवारी झाले असते तर शेजारधर्म म्हणून सोसले असते, पण जवळपास चार वर्षे दर रविवारी आमच्या वस्तीवरची दहा-बारा घरे हेच सोसत होती. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, ही माहिती माझ्या पुतण्याने मोबाइलवर शोधून दिली. ती घेऊन आम्ही जिथे गेलो तिथे आम्हाला "अर्ज द्या" असे सांगण्यात आले. आम्ही अर्ज दिला, त्याची पोच आजही माझ्या ट्रंकेत आहे.

तुमची पोरे तिघांत एक कार्ट चालवत असतील. आमच्या पाणंदीत आडव्या उभ्या असायच्या त्या गाड्यांच्या किमतीत मात्र आमच्या भावकीची सगळी जमीन गेली असती.

ताराबाई पार्कातील वकील

दोघांचेही भांडण आवाजावरून चालले आहे, परंतु असे ट्रॅक आवाजामुळे क्वचितच बंद पडतात. ते जमीन आणि पैसा यांच्यामुळे बंद पडतात. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हा रेसिंग ट्रॅक आठवून पाहा. 5.125 किलोमीटर लांबी, ट्रॅक-रचनाकार टिल्के यांची रचना, 2011, 2012 आणि 2013 अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती, आणि तिन्ही शर्यती वेटेल या एकाच चालकाने जिंकल्या. पुढे काय झाले? तेथील राज्य सरकारने ही शर्यत खेळ नसून मनोरंजन आहे असे ठरवून कर मागितला, शर्यत गेली, ट्रॅकमागच्या कंपनीचे दिवस फिरले, आणि जमीन देणाऱ्या प्राधिकरणाने थकबाकीपायी जमिनीचे वाटपच रद्द केले. मधे 2023 च्या सप्टेंबरात मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींची एक फेरी तेथे झाली, परंतु पुढच्या वर्षी तीही झाली नाही. दिल्लीच्या उंबरठ्यावर, एवढ्या भांडवलानिशी जे टिकले नाही ते कोल्हापूरच्या माळावर प्रवेश फीवर टिकेल, असे मानणाऱ्यांच्या आशावादाला माझा नमस्कार.

कोणाला स्वतःच्या खिशातून चालवायचा असेल त्याने खुशाल चालवावा. "खेळाला प्रोत्साहन" या नावाखाली सार्वजनिक पैसा मात्र मागू नये. शाहू महाराजांनी कुस्तीचे खासबाग मैदान बांधले ते रयतेच्या मुलांसाठी, आणि तेथे लंगोटाखेरीज काही लागत नाही.

खिलारप्रेमी

खेळ कोणता आणि मनोरंजन कोणते, हे ठरवणारे मोठे लोक आहेत, तेव्हा एक प्रश्न विचारतो. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आमच्या बैलगाडी शर्यती बंद झाल्या, तेव्हा यांपैकी किती जणांनी लेखणी उचलली होती? साडेसात वर्षे दावणीला बांधलेले खिलार बैल आम्ही नुसते पोसले. ज्याची आदत, म्हणजे दुधाचे दात न पडलेली, वासरे चांगल्या घरची मोटरसायकल यावी एवढ्या किमतीला जात, त्याने ती कसायाच्या दारात जाऊ नयेत म्हणून पाहुण्यांकडे फुकट नेऊन बांधली. त्यांतला एक मी. आणि आता एक डांबरी रिंगण बंद पडले तर संस्कृती बुडाली! इंजिनाला चारा लागत नाही, ते ताडपत्रीखाली दहा वर्षे झाकून ठेवता येते. बैल झाकून ठेवता येत नाही.

राजारामपुरीची आई

शर्यती बंद असताना बैल उपाशी राहिले हे जितके खरे, तितकेच बैलाच्या शेपटीला दात लावणारे आणि बॅटरीचा झटका देणारेही खरे होते. माझे माहेर शिरोळ तालुक्यातले. लहानपणी मी मैदानाच्या कडेला उभी राहून ते पाहिले आहे आणि घरी येऊन जेवले नव्हते.

खिलारप्रेमी

ताई, दहा जणांनी केलेल्या पापाची शिक्षा हजारांना द्यायची असेल तर आधी शहरातली सगळी वाहने बंद करा, कारण रस्त्यावर रोज माणसे मरतात. जो माणूस बैलाला पोटच्या पोरासारखा वाढवतो, त्याला क्रूर म्हणण्याआधी एकदा त्याच्या गोठ्यात पहाटे येऊन पाहावे. माहेरच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर कायदे करू नयेत.

राजारामपुरीची आई

वयाचा हिशेब आपण न विचारता केलात, धन्यवाद. गोठ्यातले प्रेम मैदानात का दिसत नव्हते, एवढेच मी विचारले होते.

उद्यमनगरचा फिटर

दादा, ताई, बैल आपल्या जागी थोर आहे, पण या धाग्याला जुंपून तो कुठे चालला आहे हे मला कळेनासे झाले आहे.

ताराबाई पार्कातील वकील

तो योग्य दिशेनेच चालला आहे, आणि हे कबूल करताना मला फारसा आनंद होत नाही, कारण याने माझ्या मुद्द्यापेक्षा फिटरसाहेबांच्या मुद्द्याला बळ मिळते. बैलगाडी शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने 16 डिसेंबर 2021 रोजी पुन्हा परवानगी दिली, ती सरसकट नव्हे, अटींवर दिली. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, धावपट्टीच्या लांबीवर मर्यादा, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, काठी-चाबूक आणि विजेच्या झटक्याला मनाई. त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने 18 मे 2023 रोजी शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला तो याच चौकटीसह. म्हणजे जी गोष्ट संपूर्ण बंदीने सुटली नाही ती अटींनी सुटू शकते, असा त्याचा अर्थ लावता येईल. लावता येईल, असेच मी म्हणतो आहे. लगेच पेढे वाटू नयेत.

खिलारप्रेमी

अटी कागदावर आहेत म्हणून प्रश्न सुटला असे वाटणाऱ्यांनी परवानगीसाठी आमच्याबरोबर एकदा हेलपाटे घालावेत. मैदानापेक्षा कचेरीत जास्त पळावे लागते. बाकी वकीलसाहेबांनी बैलाला न्याय दिला याबद्दल आभार. मोटारवाल्यांनी आमच्या बैलाच्या शेपटीला धरून नदी पार करायची असेल तर आमची हरकत नाही.

राजारामपुरीची आई

आता मला मूळ विषयावर लिहायचे आहे. "ट्रॅक बंद झाला म्हणून पोरे रस्त्यावर आली" हे वाक्य या चर्चेत सिद्ध झाल्यासारखे वापरले जात आहे. माझा मुलगा सतरा वर्षांचा असताना आम्ही त्याला त्या ट्रॅकवर दोनदा पाठवले होते, हेल्मेट, ग्लोव्ह्ज, सगळे घेऊन. तेथे त्याला काही झाले नाही. तिसऱ्या महिन्यात त्याने मित्राची गाडी घेतली आणि बायपासवर मांडीचे हाड मोडून घेतले. ट्रॅक तेव्हा सुरू होता. त्याच्या पायात आज रॉड आहे आणि तो उंबरा ओलांडताना आधी उजवा पाय टाकतो. ट्रॅकने त्याला रस्त्यापासून वाचवले नाही. ट्रॅकने त्याला चटक लावली, असे माझे मत आहे आणि ते बदलण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

उद्यमनगरचा फिटर

ताई, मत बदलण्याचा प्रयत्न करत नाही. आपल्या मुलाबद्दल वाचून हात थांबला, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले.

माझीही एक गोष्ट सांगतो आणि तिच्यातून काय काढायचे ते आपण ठरवा. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा त्याच ट्रॅकवर, शेवटच्या उजव्या वळणावर, टायरच्या भिंतीत जाऊन आदळला. गाडी उलटी झाली. कडेला उभ्या माणसाने पिवळा झेंडा हलवला, मागच्या चार गाड्या थांबल्या, आणि हा पठ्ठ्या बाहेर येऊन माती झटकत बसला. तेच बायपासला झाले असते तर मागून उसाचा ट्रॅक्टर आला असता, दोन ट्रॉल्यांसह, आणि त्याला कोणी झेंडा दाखवला नसता. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. कायदा कडक आहेच, पण कायद्याला टायरची भिंत नसते.

चटक लागते हे मात्र मी नाकारत नाही. मलाही लागली होती. गॅरेजमध्ये आलेल्या सतरा वर्षांच्या पोरांना सायलेन्सरमधला आवाज दाबणारा बफल काढून देण्याचे काम मी काही वर्षे केले, त्याचे पैसेही घेतले, आणि "काका, आवाज जरा दमदार करा" असे म्हणणाऱ्या त्या पोरांपैकी कोण कुठे पडले हे मी कधी विचारले नाही. हे लिहायला नको होते, पण लिहिले.

माळावरची वस्ती

दमदार आवाजाचे कारखानदार कोण होते ते आज कळले.

उद्यमनगरचा फिटर

अण्णा, हा टोला मी घेतला. आता एक गोष्ट मी विचारतो. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, आणि आपल्या वस्तीखालच्या ओढ्याला पंचगंगेची फुगी आली, तेव्हा खालच्या गोठ्यांतली जनावरे कोठे बांधली होती? ट्रॅकच्या शेडमध्ये. मी स्वतः तेथे वैरण पोचवली आहे. बंद गेटला कुलूप घालून झाडेझुडपे वाढू दिलेली ती जागा पुढच्या पुरात कोणाच्या उपयोगी पडणार आहे?

माळावरची वस्ती

जनावरे तेथे बांधली होती, नऊ दिवस होती, आणि माझ्या तीन म्हशी त्यांत होत्या. हे मी नाकारले तर मला पाणी पचणार नाही. परंतु गेट उघडले ते राखणदाराने, मालकाने नव्हे, आणि त्या बिचाऱ्याला त्याबद्दल बोलणी खावी लागली, हेही आपल्या गोष्टीत घालावे.

ताराबाई पार्कातील वकील

आवाजाचा प्रश्न विजेवर चालणाऱ्या कार्टने बराचसा सुटू शकतो. हैदराबादला 2023 च्या फेब्रुवारीत विजेच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत भर शहरात, हुसेनसागराच्या काठी झाली. पैशाचा प्रश्न त्याने सुटत नाही, उलट बॅटरीमुळे वाढतो, त्यामुळे माझे मूळ मत कायम आहे. मात्र मालक आणि वस्ती यांच्यात काही लेखी ठरणार असेल तर मसुदा मी विनाशुल्क करून देईन, कारण रविवारी मलाही दुसरे काम नसते.

खिलारप्रेमी

वकील विनाशुल्क म्हणाले! हा धागा कोणीतरी जपून ठेवा.

माळावरची वस्ती

मसुदा करायचाच असेल तर आमच्या बाजूने लिहून घ्या. सकाळी दहाच्या आत इंजिन सुरू होणार नाही आणि संध्याकाळी पाचनंतर चालणार नाही, कारण धार दोन वेळा काढतात. टू-स्ट्रोक गाड्या अजिबात नकोत. पाणंदीत एकही गाडी उभी राहणार नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात ट्रॅक बंद राहील. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शेडची एक किल्ली वस्तीवर राहील. यांतले एक जरी कलम मोडले तर आम्ही पुन्हा अर्ज देणार नाही, म्हशी आणून ट्रॅकवर बांधू.

हा पाठिंबा नव्हे. तो ट्रॅक उद्या कायमचा नांगरला तरी मी रडणार नाही.

उद्यमनगरचा फिटर

किल्लीचे मान्य, परीक्षांचे मान्य, पाणंदीचेही मान्य. टू-स्ट्रोकबद्दल पोरांशी बोलावे लागेल, कारण जुन्या कार्ट विकून चार-स्ट्रोक घेणे त्यांना झेपणारे नाही, पण बोलतो. फक्त पाचऐवजी साडेपाच करता येईल का, एवढे पाहा. उन्हाळ्यात चारपर्यंत डांबरावर पाय ठेववत नाही.

माळावरची वस्ती

म्हशीला साडेपाच कळत नाही.